पुठ्ठ्याचं इंजिन

ट्रॅक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर माणसाएवढी चाकं येतात. माझा तसला नाही, माझा गार्डन ट्रॅक्टर. शेजारी उभं राहिलं तर बॉनेट कसंबसं कमरेला लागतं, वर बसलं की गुडघे स्टिअरिंगला टेकतात, लांबून बघणाऱ्याला वाटत असेल की हा माणूस पोराची गाडी हिसकावून बसलाय. पण खेळणं नाहीये हां ते. नुसतं लॉन कापायचं जे मशीन असतं ते वेगळं, त्याची चासी पातळ पत्र्याची आणि मागचा गिअरबॉक्स नाजूक, त्याला नांगर लावलात तर दोन तासांत रडायला लागेल. याची चासी जाड, मागची पेटी ओतीव लोखंडाची, फाळ लावा नाहीतर माती ओढायचं पातं लावा, ओढतो बिचारा. अमेरिकेत १९६१ ला कब कॅडेट आला, १९६३ ला जॉन डिअरचा ११० आला, ही सगळी त्याच जातीची मशीनं, आणि त्या काळातली कितीतरी अजून चालू आहेत. चालू आहेत म्हणजे काय, कोणीतरी चालू ठेवलीयेत. गोम तिथेच आहे.

तर माझ्या ट्रॅक्टरनं दोन सीझनपूर्वी धूर काढायला सुरुवात केली. निळा धूर. काळा असता तर कार्बोरेटरवर ढकलून मोकळा झालो असतो, चोक अडकला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, अर्ध्या दिवसाचं काम. निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि ऑइल जळतंय म्हणजे जिथे जायला नको तिथे ते जातंय. मी मग तेच केलं जे सगळे करतात, काही नाही केलं. दर दोन-चार तासांनी डिपस्टिक काढायची, पुसायची, बघायची, वरून ऑइल ओतायचं आणि स्वतःला सांगायचं की एवढं तर खातंच जुनं इंजिन. असं एक अख्खं वर्ष काढलं.

मग कोणीतरी सांगितलं की आधी ब्रीदर बघ. क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या पेटीला, एक छोटी पट्टीची झडप असते, पिस्टन खाली आला की आतली हवा बाहेर सोडते पण परत आत घेत नाही, त्यामुळे आत जरासं व्हॅक्यूम राहतं आणि ऑइल गपगुमान खाली बसतं. ती पट्टी घाणीनं उघडी राहिली की आत प्रेशर धरतं आणि ऑइल मिळेल त्या वाटेनं वर पळतं. उघडून बघितली तर खरंच चिकटलेली, काळ्या डांबरासारखं काहीतरी. धुतली, पुसली, बसवली, इंजिन मारलं, धूर कमी! मी घरभर सांगत सुटलो. दोन दिवस टिकला तो आनंद.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन गेज लावला आणि आकडा इतका कमी आला की मनातल्या मनात इंजिनाला निरोपच देऊन टाकला. नंतर कळलं की या असल्या इंजिनांवर तो आकडा भरवशाचा नसतोच, कारण स्टार्टरला जोर पडू नये म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर एक छोटी करामत केलेली असते, कमी स्पीडला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचललेला राहतो. म्हणजे धडधाकट इंजिनसुद्धा गेजवर आजारीच दिसतं. खरी टेस्ट म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला अगदी वर आणायचा, फ्लायव्हील घट्ट धरून ठेवायचं (नाहीतर हवा भरली की पिस्टन खाली झेपावतो, माझ्या अंगठ्याला विचारा), प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. माझ्याकडे ऑइलच्या तोंडातून अशी हवा येत होती की त्यावर सायकलची ट्यूब भरली असती.

मग सुरू झाला खरा छळ. खोलावं की बदलावं? सल्ला देणारे पुष्कळ, आणि गंमत म्हणजे ज्यांनी स्वतःचं इंजिन खोललंय ते म्हणतात नवीन टाक, आणि ज्यांनी नवीन टाकलंय ते म्हणतात जुनंच नीट करायला पाहिजे होतं. बायकोनं एकच प्रश्न विचारला, तुला गवत कापायचंय की इंजिन खोलायचंय? मी म्हटलं दोन्ही. ती म्हणाली, मग झालं की, विचारतोस कशाला. पण एवढं सोपं असतं तर माणसं वह्या कशाला भरतात. मी वही भरली. एका पानावर जुनं, एका पानावर नवीन.

नवीनचं पान खरं सांगतो, वाचायला फार छान वाटत होतं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, पेट्रोल कमी पिणार, आवाज कमी. नवीन मोठ्या इंजिनांत पुष्कळदा ऑइल पंप असतो. माझ्या इंजिनात पंपच नाही, कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) खाली एक छोटी पळी आहे, ती प्रत्येक फेऱ्याला ऑइलमध्ये बुडते आणि शिंतोडे उडवते, बस एवढंच लुब्रिकेशन. मिनिटाला ३६०० फेरे होतात आणि सगळा कारभार शिंतोड्यांवर! आणि रॉडला बेअरिंगची शेलसुद्धा (बदलता येणारी वाटी) नाही, ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकवर, म्हणजे पिस्टनचं वर-खाली गोल फिरण्यात बदलणाऱ्या शाफ्टवर, फिरतो. उतारावर ऑइल एका बाजूला गेलं आणि पळीला काही लागलंच नाही की रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर डोकावतो. हे सगळं माहीत असताना कोणी शहाणा माणूस नवीनच घेईल.

पण नवीन इंजिन नुसतं घ्यायचं नसतं, बसवायचं असतं. शाफ्टची जाडी जमली तर लांबी जमत नाही, लांबी जमली तर तळापासून शाफ्टपर्यंतची उंची जमत नाही, मग पुली खालीवर होते आणि बेल्ट तिरका पळतो. पात्याचा क्लच शाफ्टवर चढला पाहिजे. सायलेन्सर नेमका तिथे येतो जिथे आपला गुडघा असतो. आणि माझ्या ट्रॅक्टरला स्टार्टर आणि डायनामो वेगळे नाहीत, एकच डबा आहे, बेल्टनं तोच इंजिन फिरवतो आणि इंजिन सुरू झालं की तोच बॅटरी चार्ज करतो, म्हणजे नवीन इंजिन आलं की सगळं वायरिंगही नव्यानं. इंजिन बदलणं म्हणजे इंजिन सोडून बाकी सगळं बदलणं. आणि नवीन इंजिनाचा भाव ऐकला तर या अवस्थेतल्या अख्ख्या ट्रॅक्टरला तेवढं कोणी देणार नाही. नाकापेक्षा मोती जड.

तरी मी हट्टानं नवीन इंजिनाचं ड्रॉइंग मिळवलं, आणि फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा होता त्याचं त्या मापाचं इंजिन बनवलं. टाकी, फिल्टरचा डबा, सायलेन्सर, सगळं. शाफ्टच्या जागी झाडूचा दांडा. जुनं इंजिन उतरवलं, पुठ्ठ्याचं ठेवलं आणि बॉनेट लावायला गेलो तर चार बोटं उघडंच! व्हॉल्व्ह वर आले म्हणजे उंची आलीच की, हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. बॉनेट कापायचं? त्या दिवशी करवत हातात घेऊन मी दोनदा बॉनेटसमोर उभा राहिलो होतो हे घरात कोणाला माहीत नाही.

करवत ठेवली आणि जुन्या इंजिनाचं हेड खोललं. यात व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असल्यामुळे हेड म्हणजे नुसतं फिन्सचं (हवेनं थंड व्हायला काढलेल्या पातळ पट्ट्या) झाकण, बोल्ट काढले की हातात. पण त्याआधी हवेचं कवर काढावं लागलं आणि त्याखाली उंदराचं घर निघालं. सुकं गवत, कापसाचे तुकडे, कसल्याशा बिया, त्या फिन्समध्ये गच्च भरलेलं. म्हणजे किती तरी दिवस हे इंजिन एका बाजूनं भाजत होतं आणि मी वरून ऑइल ओतत होतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवाच नाही! रिंगांना शिव्या घालत होतो, चूक माझीच. वर्षातून एकदा ते कवर काढायला चार बोल्ट लागतात, चार.

आता माप. माझं मत असं झालंय की खोलायचं की बदलायचं हे आधी ठरवायचंच नसतं, आधी मोजायचं. आणि सगळ्यात आधी क्रँक मोजायचा, बोअर (ज्या गोल भोकात पिस्टन चालतो ते) नंतर. बोअर खराब असेल तर मोठा करता येतो, ओतीव लोखंडाचा ब्लॉक आहे, दहा, वीस, तीस थाउ मोठे पिस्टन मिळतात (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसाहून बारीक). क्रँक गेला असेल तर मात्र त्याला घासून दहा थाउ बारीक करायचं, बारीक मापाचा रॉड शोधायचा, आणि त्याच्याही पुढे गेला असेल तर विषय संपला, पुठ्ठ्याचं इंजिन खरं करा. मी मायक्रोमीटर लावताना श्वास धरून बसलो होतो. चार ठिकाणी लावला, मग आडवा लावला, मग परत. अर्धा थाउसुद्धा फरक नाही. गोल म्हणजे गोल. शिंतोड्यांवर जगलेला क्रँक, आणि एवढा साफ.

बोअर मात्र वरच्या टोकाला सात थाउ घासलेला, नखाला कडा लागत होती. मी हिशोब केला, सात गेलंय, दहाचा पिस्टन मिळतो, झालं काम. बोअरिंगवाला हसला. म्हणाला, दहा मोठं म्हणजे एका बाजूनं पाचच की साहेब. तुमचं घासलंय ते सगळं एकाच अंगाला, तिकडे पाच काढून खड्डा राहणारच, वीस धरा. आणि आधी पिस्टन आणा, त्याच्या मापानं मी बोअर करतो, पुस्तकातल्या मापानं नाही. मला एवढं शिकायला वही भरावी लागली होती आणि त्यानं ते बोट आत फिरवून सांगितलं. म्हणजे एक पायरी न वापरताच गेली, आता ब्लॉकला आयुष्यात एकदाच अजून बोअर करता येईल, तीसला. तोपर्यंत मी गुडघे स्टिअरिंगला टेकवून बसू शकेन का हा वेगळा प्रश्न.

तर ब्लॉक सध्या त्याच्याकडे आहे. व्हॉल्व्ह मी घरीच पेस्ट लावून घासतोय, दोन तळव्यांमध्ये काडी धरून रवी फिरवल्यासारखं, हाताला बरं वाटतं ते काम. हे सगळं स्वस्तात पडलं म्हणून केलं असं मी लोकांना सांगतो, पण पिस्टन, रिंगा, रॉड, गॅस्केट, बोअरिंग आणि माझे इतके रविवार धरले तर तसं काही नाहीये, बायकोला ते माहीत आहे आणि ती बोलत नाही.

आणि ट्रॅक्टरमध्ये अजून ते पुठ्ठ्याचंच इंजिन बसलेलं आहे, मी काढलंच नाही. मुलीनं त्याच्यावर लाल रंग मारलाय आणि स्टार्टरच्या जागी एक बटण काढलंय. काल शेजारचे काका येऊन वाकून बघत होते, म्हणाले, अरे वा, नवीन टाकलंस वाटतं? मी म्हटलं हो, थेंबभर ऑइल गळत नाही.