सरांनी नारळ फोडला नाही

मी देव मानते. रोज दिवा लावते, कार्तिक वद्य एकादशीला आळंदी चुकवत नाही. भोसरीतल्या एका मशिनशॉपच्या क्वालिटीत अकरा वर्षं मायक्रॉन मोजतेय, त्याचा आणि देवाचा कधी तंटा झाला नाही. पण देव न मानणाऱ्या एका माणसाशी मी वाईट वागले, ते लिहायचंय.

आमचे मेंटेनन्सचे सर नास्तिक आहेत. खंडेनवमीला मशिनना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, प्रत्येक खात्याचा नारळ. सर बाजूला उभे राहतात, प्रसाद घेतात, हात जोडत नाहीत. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, देवाशी एवढं काय वाकडं?" मला मात्र कुणी कधी विचारलं नाही, इंजिनिअर असून हात का जोडता म्हणून.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्याच दिवशी एका व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनचा, स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) बंद पडला. मेंटेनन्सचा नारळ सरांनी फोडला नव्हता, मग जेवणाच्या सुट्टीत तेच सुरू झालं. मीही मान डोलावली. आणि माझ्या रजिस्टरात काय होतं? दसऱ्याआधीच्या आठवड्यात त्याच मशिनवरच्या बोअरची ओव्हॅलिटी, म्हणजे भोक गोल असण्यातली चूक, 6, मग 9, मग 14 मायक्रॉन. स्पिंडल बिघडत चालल्याची खूण. नोंद माझ्या हातची. टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याच्या मर्यादेत, आहे म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी बेअरिंग खोलून कॉटन वेस्टवर ठेवलं. आतल्या रिंगवर तांबूस डाग, नखाला लागतील असे खड्डे, आणि ग्रीसचा झालेला पांढरट चिकटा. कुलंट, म्हणजे कटिंगवर सोडतात ते थंड करणारं पाणी, आत शिरत होतं. मी रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे गेले. "मॅडम, हे तेव्हा दाखवायचं होतंत," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आमचं बोलणं वाढलं. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये इथेच पुण्यात घेतलेली फलज्योतिषाची चाचणी त्यांनी मला सांगितली. 27 ज्योतिषी, प्रत्येकाला 40 पत्रिका. हुशार मुलाची कुठली आणि मतिमंद मुलाची कुठली, ते ओळखायचं. बरोबर आली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. माझ्या लग्नात पत्रिकेवरून दोन स्थळं मोडली होती. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

20 ऑगस्ट 2013 ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. सर दरवर्षी त्या सकाळी तिथे जाऊन मग कामावर येतात. ज्या शहरात हे झालं तिथे "देवाशी काय वाकडं" हा प्रश्न त्यांच्या कानाला कसा लागत असेल, हे मला इतकी वर्षं सुचलंसुद्धा नाही. याची मला लाज वाटते.

यंदा सुपरवायझरनी सरांच्या हातात नारळ द्यायला घेतला. मी म्हटलं, "द्या इकडे, त्यांचाही मीच फोडते." सर चिंध्या घेऊन आले आणि माझ्या शेजारी वाकून उभे राहिले, नारळाचं पाणी मशिनच्या स्लाइडवेवर (सरकपट्ट्यांवर) जाऊन गंज धरू नये म्हणून.