'मल्टिपल रिब्ज' म्हणजे किती? इंज्युरी स्कोअर काढतानाचा माझा अनुभव

ट्रॉमा रजिस्ट्रीत (अपघाती इजा झालेल्या पेशंटच्या नोंदवहीत) इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर, म्हणजे एकूण इजा किती गंभीर ते सांगणारा आकडा, आयएसएस, भरण्याचं काम माझ्याकडे आहे. गणित चौथीतल्या पोरालाही जमेल. वेळ जातो तो केस पेपर वाचण्यात.

आधी कॅज्युअल्टीचा पेपर, मग सीटी-एक्स-रेचे रिपोर्ट, मग ऑपरेशन नोट्स. डिस्चार्ज कार्ड सगळ्यात शेवटी, तेही पडताळणीपुरतं. त्यावर बहुधा 'आरटीए विथ हेड इंज्युरी' (रस्ता अपघात, डोक्याला मार) एवढंच असतं. प्रत्येक इजा वेगळ्या ओळीत लिहायची आणि तिला एआयएस (एकेका इजेची तीव्रता ठरवणारी प्रमाण यादी) कोड द्यायचा: सहा आकडे, टिंब, मग 1 ते 6 तीव्रता. प्रश्नचिन्ह लावून लिहिलेली इजा कोड करायची नाही. कोणती आवृत्ती वापरली तेही नोंदवायचं, कारण 1998 च्या आणि 2008 च्या सुधारित आवृत्तीत काही इजांची तीव्रता बदलली आहे. दोन्हींचे स्कोअर एकत्र केले की तुलना फसते.

मग शरीराचे सहा भाग: डोके-मान, चेहरा, छाती, पोट, हातपाय, बाह्य त्वचा. प्रत्येक भागातली सर्वात गंभीर इजा घ्यायची, त्यातल्या वरच्या तीन आकड्यांचे वर्ग करायचे आणि बेरीज. इथे नवा माणूस हमखास चुकतो: कमरेचा मणका पोटात मोजतात, पाठीचा छातीत, मानेचा डोक्यासोबत आणि ओटीपोटाचं हाड हातपायांत. कुठेही 6 असेल तर थेट 75. वर्ग करायची युक्ती 1974 साली सुसान बेकर आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमधल्या 2,128 अपघातग्रस्तांच्या नोंदींवरून काढली. इजेची पायरी चढते त्यापेक्षा मृत्यूचं प्रमाण वेगाने चढतं, हे त्यांना दिसलं होतं. स्कोअर 15 च्या वर गेला की 'मेजर ट्रॉमा' (गंभीर इजा) धरतात. गंमत म्हणजे नेमका 15 कधी येतच नाही, 7 ही नाही. तीन वर्गांची तशी बेरीज होत नाही. रजिस्ट्रीत 15 दिसला की कुणाचं तरी गणित चुकलंय.

आता शीर्षकातल्या बरगड्या. दुचाकीवरून पडलेला पेशंट, सीटीत 8 मिमी जाडीचा सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त (4), अंगावर खरचटलेलं (1), छातीबद्दल फक्त 'मल्टिपल रिब्ज फ्रॅक्चर'. संख्या नसेल तर कमीच धरायचं, म्हणून 2. स्कोअर 16+4+1, म्हणजे 21. एक्स-रे स्वतः उघडून रेसिडेंटला विचारलं तर डाव्या चौथ्या ते सातव्या बरगड्या मोडलेल्या. तीन किंवा जास्त बरगड्या म्हणजे 3, आणि स्कोअर 26. सबड्युरलचंही तसंच: 6 मिमीपेक्षा पातळ असता तर 4 ऐवजी 3, वर्गात सात गुण कमी. म्हणून 'थिन एसडीएच' (पातळ सबड्युरल) लिहिलेलं दिसलं की मी मिलिमीटर विचारते.

आयएसएसची स्वतःचीही एक खोट आहे. दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेला पेशंट: दोन्ही इजा 3 च्या, पण एकाच भागात, म्हणून फक्त 9. एनआयएसएस (आयएसएसचा 1997 चा नवा प्रकार) भाग न बघता वरच्या तीन इजा घेतो, तिथे 18. मी दोन्ही रकाने भरते.

जीसीएस (डोळे, बोलणं, हालचाल यांवरून शुद्धीचा स्कोअर) आणि श्वासाचा दर वेगळे भरावे लागतात, आणि तिथे पेपर सरळ दगा देतो. नळी घातलेल्या पेशंटचं बोलणं तपासताच येत नाही. तिथे 'टी' (नळी असल्याची खूण) हवा, पण 1 लिहून मोकळे होतात. श्वासाचा दर पानोपानी 20. पूर्ण मिनिट घड्याळ लावून मोजलेला दर असा एकसारखा येत नाही.

मृत्यू लवकर झालेल्या नोंदी मी बंद करत नाही. सीटीपर्यंत नेताच आलं नाही, पेपरवर फक्त खरचटणं, म्हणजे आयएसएस 1 आणि पेशंट गेलेला. अशी नोंद 'अपूर्ण' ठेवून पोलिसांमार्फत पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टची वाट बघते. रिपोर्टात यकृताच्या उजव्या खंडाचा जवळजवळ अर्धा भाग चिरडलेला निघाला, तर ती इजा 4, आणि 1 चे 17 होतात.