२६ सप्टेंबर, ओकलंड: शेवटचा आउट पाच-तीन

अमेरिकेहून परतल्यावर सगळ्यांना ग्रँड कॅन्यन, योसेमिटी आणि गोल्डन गेटबद्दल ऐकायचं असतं. तिन्ही पाहिली, तिन्ही सुंदर आहेत आणि तिन्ही ठिकाणी पार्किंग शोधताना जीव मेटाकुटीला आला. मला लिहायचंय ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या बेसबॉल मैदानाबद्दल. कुठल्याही टूर कंपनीच्या यादीत ते नसतं. माझा थोरला भाऊ तिथून जवळच, फ्रीमाँटला राहतो. त्याच्यामुळे मला २०२४ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना पाहायला मिळाला. १९६८ पासून या गावात खेळणारा संघ गाव सोडून चालला होता.

हे प्रकरण काय आहे ते मला आदल्या आठवड्यात लास वेगासला कळलं. तिथलं ट्रॉपिकाना हॉटेल एप्रिलमध्येच बंद झालं होतं. त्या रिकाम्या इमारतीसमोर दादाने गाडी हळू केली आणि म्हणाला, "हे पाडून इथे आमचं स्टेडियम बांधणार आहेत." बाकीच्या वेगासबद्दल मला काही सांगण्यासारखं नाही. परतीच्या वाटेवर मात्र दादा बोलतच राहिला.

तो अमेरिकेत नवा असताना ऑफिसमधल्या कुणीतरी त्याला मॅचला नेलं होतं. तारीख ४ सप्टेंबर २००२. संघाने लागोपाठ १९ सामने जिंकले होते. त्या रात्री कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी होती आणि ती पाहता पाहता ११-११ झाली. मग नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटबर्गने होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला आणि सलग विसावा विजय मिळाला. दादा म्हणतो, त्या रात्री अनोळखी माणसांनी त्याला मिठ्या मारल्या आणि त्या देशात पहिल्यांदाच त्याला एकटं वाटलं नाही. हे त्याने आम्हाला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. फोनवर आम्ही फक्त जेवलास का, थंडी आहे का, एवढंच विचारत राहिलो.

नवं मैदान पाहिजे, हे रडगाणं तेव्हापासूनच चालू होतं. २००६ मध्ये फ्रीमाँटमध्येच ते बांधायची घोषणा झाली, २००९ मध्ये ती गुंडाळली गेली. मग सॅन होजेचं नाव आलं, पण तो टापू सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या शेजारच्या बेसबॉल संघाच्या हक्काचा निघाला. मग ओकलंड बंदराजवळची जागा. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लीगमधल्या तीसच्या तीस संघांच्या मालकांनी वेगासच्या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये दादा हिरवा टीशर्ट घालून मैदानात गेला होता. त्यावर एकच शब्द होता, 'सेल', म्हणजे मालकांनो, संघ विकून टाका. एरवी ओस पडणाऱ्या मैदानात त्या मंगळवारी २७,७५९ लोक आले. ऐकलं कुणीच नाही. याचा राग मला अजून आहे, आणि मी तर नाशिकची.

२०२४ चा हंगाम सुरू झाला त्या दिवशी, २८ मार्चला, लोकांनी आत जायचंच नाकारलं आणि पार्किंगमध्ये ठाण मांडलं. दादाही तिथेच होता. पुढे मात्र संघाने सगळ्यांचीच पंचाईत केली, कारण तो बरा खेळायला लागला! आदल्या वर्षी १६२ पैकी ११२ सामने हरलेली ही मंडळी. या वर्षी ब्रेंट रूकरने ३९ होमरन मारले, लॉरेन्स बटलर नावाच्या पोराने अर्धा हंगाम गाजवला आणि मेसन मिलर ताशी शंभर मैलांच्या वर चेंडू टाकत होता. नेमका जीव जडावा असा संघ झाला, तेव्हाच त्याचं सामान बांधून झालं होतं.

सामना दुपारचा, पण आम्ही सकाळीच बार्ट, म्हणजे तिथली लोकल, पकडली. कोलिझियम स्टेशनवरून मैदानाकडे एक लांब पादचारी पूल जातो. त्यावर दोन्ही बाजूंना फेरीवाले, सॉसेज आणि कांद्याचा धूर, पाण्याच्या बाटल्या, टोप्या. वहिनी शाकाहारी, म्हणून आम्ही पराठे बांधून घेतले होते. पार्किंगमध्ये शेगड्या पेटलेल्या होत्या. एका मेक्सिकन कुटुंबातल्या आजींनी वहिनीला नुसतं उभं पाहिलं आणि खुणेनेच विचारलं, खात नाहीस का? वहिनीने मांस खात नसल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी शेगडीच्या एका बाजूला स्वच्छ फॉइल पसरलं आणि त्यावर मक्याची कणसं भाजून दिली. वर लिंबू आणि तिखट. आमचे पराठे त्यांच्या नातवंडांनी संपवले. महिनाभरात अमेरिकेत माझं इतकं आगतस्वागत दुसरीकडे कुठेही झालं नाही.

मैदान देखणं नाही. १९६६ चं काँक्रीटचं गोल भांडं आहे ते. पूर्वी मागे ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या. पण नव्वदच्या दशकात फुटबॉलच्या रेडर्सना परत आणायचं म्हणून तिथे एक अवाढव्य स्टँड उभारला आणि टेकड्या झाकून टाकल्या. ते रेडर्सही २०२० मध्ये वेगासला गेले. शेजारच्या अरीनातले बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. पाच-सहा वर्षांत एका गावाचे तिन्ही संघ गेले. पटतच नाही मला हे.

त्या दिवशी ४६,८८९ लोक होते. सुरुवातीचा मानाचा चेंडू टाकायला रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट आले, दोघेही ओकलंडमध्येच वाढलेले. रिकीच्या नावावर १,४०६ चोरलेले बेस, म्हणजे फटका नसताना पळून गाठलेले पुढचे बेस, आहेत, त्या विक्रमाच्या आसपासही कुणी नाही. तो दिसताच सगळं मैदान उभं राहिलं. पुढे तीनच महिन्यांत, डिसेंबरात, तो गेला. म्हणून वाटतं, त्या दिवशी त्याला पाहिलं ते फार बरं झालं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, मांडीवर स्कोअरकार्ड आणि हातात पेन्सिल. आमच्या आजीच्या वाण्याच्या वहीसारखं बारीक, सरळ रेषेतलं अक्षर. मी टक लावून बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी न विचारता शिकवायला घेतलं. प्रत्येक खेळाडूच्या जागेला आकडा असतो. चेंडू टाकणारा पिचर एक, बॅटवाल्याच्या मागचा कॅचर दोन, पहिला बेस तीन, दुसरा चार, तिसरा पाच, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप सहा, मग बाहेरचे तिघे सात, आठ, नऊ. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्याला, तर लिहायचं ६-४-३, दोन आउट. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून चुकला आणि आउट झाला तर के. बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा. हे कळल्यावर मला खेळ दिसायला लागला. तोवर नुसता हिरवा-पिवळा गोंधळ होता.

१९७२ मध्ये वडिलांनी या बाईंना इथे आणलं होतं. त्या वर्षीपासून संघ ओळीने तीनदा वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकला. वडील गेले, नवरा गेला, कार्डं लिहिणं चालू आहे. ही जुनी कार्डं घरी खोक्यांत आहेत आणि मुलं विचारतात, यांचं करायचं काय. हे सांगताना त्या हसल्या. मी नाही हसू शकले.

नववी इनिंग आली तेव्हा ओकलंड ३-२ ने पुढे होतं. मिलर पिचिंगला. दोन आउट झाले आणि आजूबाजूचं कुणीच बसलेलं राहिलं नाही. बाईंनी पेन्सिल आणि कार्ड माझ्या अकरा वर्षांच्या पुतणीच्या हातात दिलं. "शेवटचा चौकोन तू भर," एवढंच म्हणाल्या. पोरगी घाबरून दादाकडे बघायला लागली. समोरच्या संघाच्या ट्रॅव्हिस जँकोव्हस्कीने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला, आमच्या मॅक्स शूमनने तो उचलून पहिल्या बेसला फेकला. आउट. गदारोळात पुतणी ओरडून विचारत होती, "काय लिहू? काय लिहू?" आणि मीच तिला सांगितलं, पाच-तीन! तिने लिहिलं. पाचाचं पोट जरा मोठं झालं. बाईंनी कार्ड घेतलं, नीट पाहिलं आणि खाली तिला तिचं नाव लिहायला लावलं.

लोक हललेच नाहीत. मॅनेजर मार्क कॉट्से मैदानात आला, माइकवर सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटचं एकदा 'लेट्स गो, ओकलंड' म्हणवून घेतलं. नंतर मैदानाची देखभाल करणारी माणसं कठड्यापाशी येऊन लोकांना माती देत होती, मिळेल त्या पेल्यात. दादाने सरबताचा कागदी ग्लास पुढे केला. मोठी माणसं ढसाढसा रडत होती, दादाही. वहिनी म्हणाली, बाबा गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता, कारण विमान मिळून तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

हंगाम सिअ‍ॅटलला संपला, ६९ विजय, ९३ पराभव. आता संघ सॅक्रॅमेंटोजवळच्या एका छोट्या मैदानात खेळतो. नावात गावाचं नावच नाही, नुसतं अ‍ॅथलेटिक्स. दादा तिकडे फिरकत नाही. पुतणी मात्र टीव्हीवर मॅच लावते, आणि २०२५ च्या जुलैमध्ये निक कर्ट्झने एकाच सामन्यात चार होमरन मारले तेव्हा घरात खडाजंगी झाली म्हणे. सध्या तोडगा निघालाय. ओकलंड बॉलर्स नावाचा नवा छोटा संघ वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कात खेळतो आणि दुसऱ्याच हंगामात त्याने पायोनियर लीग जिंकली. तिथे बापलेक बरोबर जातात. कार्ड पुतणी लिहिते आणि घरी आल्यावर मला फोटो पाठवते. कालच्या कार्डात तिने एक के उलटा काढायला हवा होता, असं माझं मत आहे. ती ऐकत नाहीये.