मोठ्या भांड्यातली डाळ

साडेदहा वाजले तरी मोठ्या भांड्यातली डाळ शिजेना. आठला चढवली होती. वाटाण्याची डाळ, म्हणजे सालं काढून दुभंगलेला सुका हिरवा वाटाणा. ती भिजवावी लागत नाही, तास-सव्वा तासात आपली आपणच विरघळते, म्हणून तर बोटीवर ती मला परवडते. अडीच तासांनी पळीतून दोन दाणे काढून बोटांत चेपले, तर वरून मऊ आणि आत खडूसारखी कणी. शेजारच्या लहान भांड्यात मात्र मेण झालं होतं. तीच शेगडी, तोच दिवस आणि तीच डाळ, असं मी तेव्हा तरी धरून चाललो होतो.

मी मालवाहू जहाजावर चीफ कुक आहे. आपल्याकडचे खलाशी भंडारीच म्हणतात. बावीस माणसं, तीन वेळचं जेवण, हाताखाली एक मेसमन, म्हणजे वाढप्या-मदतनीस. बाहेरच्यांना वाटतं बोटीवर स्वयंपाक म्हणजे डोलत्या घरातला स्वयंपाक. तसं नसतं. आमच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, ज्योत नाही, जाड लोखंडी हॉटप्लेट असतात. त्या तापायला अर्धा तास घेतात आणि निवायलाही तेवढाच. ‘आच कमी कर’ म्हणजे बटण फिरवणं नव्हे, भांडं उचलून दुसऱ्या प्लेटवर नेणं. प्लेटभोवती लोखंडी गज असतात, त्यांना फिडल म्हणतात. त्यात भांडी अडकवून ठेवायची आणि समुद्र खवळलेला असला की दोन तृतीयांशाच्या वर भरायची नाहीत. पातळ रस्सा बोट कलली की उडी मारतो. दाट सूप मारत नाही. खराब हवामानात वाटाण्याचं सूप करायचं खरं कारण थंडी नव्हे, हे आहे. त्याचं दुखणं दुसरंच: दाट झालं की डाळ तळाशी बसते आणि बुडाला लागते. अशा वेळी खालून ढवळायचं नाही. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि करपलेलं तिथेच सोडायचं. ढवळलं तर धुराचा वास आणि करपल्याचा वास एक होतो, आणि मग स्मोक्ड पोर्कच्या नावावर काहीही खपवता येतं. खपवणारे मी पाहिले आहेत.

त्या दिवशी सूप करायचं कारण बडा साब, म्हणजे चीफ इंजिनिअर. पुढच्या बंदरात तो साइन ऑफ होणार होता, म्हणजे बोट सोडून घरी जाणार होता. सात महिन्यांत त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: फ्रीझरमध्ये हॉक दिसला, तर वाटाण्याचं सूप कर. हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याच्या वरचा भाग, खारवून धुरी दिलेला. तीन होते, प्रत्येकी किलोभराचे.

त्या हॉकवर मी जीव ओतला होता, हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. आदल्या दुपारी गार पाण्यात बुडवून ठेवले, दोनदा पाणी बदललं. खारवलेल्या मांसाचं मीठ आधीच काढायचं. सुपात उतरल्यावर त्याला उपाय नाही. मग कांदा, तमालपत्र, मिरी, लीकची हिरवी पानं घालून तीन तास मंद आचेवर ठेवले. उकळू द्यायचं नाही, पाणी नुसतं हललं पाहिजे. उकळलं की मांसाचे धागे आवळतात आणि चरबी रश्शात फुटून तो गढूळ होतो. हॉकमध्ये दोन हाडं असतात, एक जाड आणि एक बारीक. बारीक हाड चिमटीत धरून फिरवलं आणि ते अलगद निघून आलं की झालं. घड्याळ बघायचं नाही. कातडं पट्ट्यासारखं चिवट दिसतं, पण रश्शाला अंगाचा चिकटपणा येतो तो त्यातूनच, म्हणून ते शेवटपर्यंत आत. मांस सोडवून वेगळं ठेवलं, रस्सा गाळला, आणि चाखून बघितलं तर मीठ बेताचं होतं. म्हणून आणखी तिसरा हिस्सा आटवला. या आटवण्याचा मला भलता अभिमान वाटला होता. उथळ ट्रेमध्ये ओतून लवकर गार केला, कारण असला रस्सा खोल भांड्यात तसाच ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंना तेच हवं असतं. सकाळी त्याची थरथरणारी जेली झालेली. त्यात पाणी घालून आठ लिटर केलं, दोन किलो डाळ टाकली, पहिला फेस काढला.

लहान भांडं मेसमनचं. आमच्यात तिघं डुक्कर खात नाहीत, त्यांत तो स्वतः. त्यांच्यासाठी नुसत्या पाण्यात, भाज्या घालून. त्या भांड्याच्या कानाला आणि पळीला हिरवी टेप. हिरव्या टेपची वस्तू मोठ्या भांड्याला लागायची नाही, हा गॅलीतला नियम मी कुठल्याही ऑडिटपेक्षा कडक पाळतो.

तर साडेदहा वाजता कणी. आणि मी मेसमनवर ओरडलो. तो सकाळी मोठ्या भांड्याजवळ उभा होता, त्याने सवयीने मीठ टाकलं असणार, आणि मिठाने डाळ कडक होते. मला प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं आणि वीस वर्षं मी हेच इतरांना शिकवत आलो. तो म्हणाला, “उस्ताद, मी हात लावला नाही.” मी ऐकून घेतलं नाही. साडेअकराला वॉचवाले, म्हणजे पाळीवर जाणारे, जेवायला येतात, हे डोक्यात घणासारखं वाजत होतं.

पहिला उपाय खाण्याच्या सोड्याचा. सपाट चमचाभर टाकला, भांडं भसकन फेसाळलं. सोड्याने डाळीचा दाणा धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, पण जास्त झाला की सूप साबणासारखं लागतं, आणि ते कशानेही झाकत नाही. वीस मिनिटांत थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग कुकर. आमचा साडेसात लिटरचा आहे, आणि डाळीला तो अर्ध्याच्या वर भरायचा नसतो, कारण फेस झडपेत जाऊन बसतो. त्यात दाट मिश्रण घातलं तर वाफ धरायच्या आधी बूड करपतं. म्हणून झाऱ्याने डाळ काढून पातळ रश्शाबरोबर दोन खेपांत शिजवली. बोट डावीकडे कलली की मी कुकरच्या दांड्यावर हात ठेवून उभा. वाफ सोडताना पाठीला भिंत लावून उभं राहायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

अकरा पंचवीसला डाळ शिजलेली होती, पण सूप जमलेलं नव्हतं. कण मऊ, रस्सा वेगळा, दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. एरवी डाळीतला स्टार्च हळूहळू रश्शात उतरून तो धरतो, त्याला वेळच मिळाला नव्हता. मेसमन काही न बोलता त्याच्या भांड्याकडे गेला, एक स्वच्छ वाडगा घेतला, हिरव्या टेपच्या पळीने अर्धं भांडं त्यात काढलं आणि वाडगा माझ्यासमोर ठेवला. “तिकडून इकडे चालतं,” म्हणाला. “आम्हाला तिघांना एवढं लागत नाही.”

तो गोळा मोठ्या भांड्यात गेला आणि घोटल्यावर सगळं एक झालं. वरून मांसाचे तुकडे, मिरी. बडा साब दोनदा घेऊन गेला. जाताना म्हणाला की चांगलं आहे, उद्या अजून चांगलं लागेल. ते खरं आहे, दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहतो. पण उद्यासाठी उरलं नव्हतं.

दुपारी सेकंड साब, म्हणजे सेकंड इंजिनिअर, चहाला आला तेव्हा मी सहज विचारलं, पाण्यात काही बदल? तो म्हणाला, “सकाळी सहाला टाकी बदलली की.” सहज म्हणाला. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याच्या दोन टाक्या. खुल्या समुद्रात इव्हॅपोरेटर इंजिनच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी निर्वाताखाली उकळून गोडं पाणी बनवतो. ते जवळजवळ पावसाचंच पाणी, मग त्यात थोडे क्षार मिसळून टाकीत सोडतात. बंदरात आणि किनाऱ्याजवळ तो बंद असतो, तेव्हा बंदराचं पाणी घेतलेलं चालतं. आदल्या रात्री, मी हॉक शिजवत होतो तेव्हा, नळाला बंदराचं पाणी होतं. सकाळी सहानंतर इव्हॅपोरेटरचं. टाकी बदलली हे गॅलीला कोणी कळवत नाही. इंजिनवाल्यांच्या लेखी पाणी म्हणजे पाणी. त्यांच्या बॉयलरला मात्र कुठलं पाणी जातं हे रोज तपासलं जातं, त्यासाठी पेटीभर रसायनं आहेत. माणसांच्या डाळीला नाहीत.

त्याच पेटीतून त्याने बंदराच्या टाकीचं पाणी तपासून दिलं. कडकपणा लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या वर, आणि १८०च्या वर गेलं की पाणी फार कडक धरतात. कडक म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. कॅल्शियम जाऊन डाळीच्या पेक्टिनला गाठी मारतं, मग ते विरघळत नाही. आणि मीठ? सोडियम उलट त्या कॅल्शियमची जागा घेतं, डाळ मऊ व्हायला मदतच करतं. म्हणजे मेसमनने मूठभर मीठ टाकलं असतं तरी तो गुन्हेगार नव्हता. आणि त्याने टाकलंच नव्हतं.

पण एवढ्यावर माझं समाधान झालं नाही, कारण स्टोअरमध्ये जाऊन पाकिटं बघितली. मोठ्या भांड्यात मी माझ्याच हाताने जुनी पाकिटं फोडली होती. आधी आलेला माल आधी संपवायचा, हा स्टोअरचा कायदा, तपासणीत पहिला प्रश्न हाच. ती दीड वर्षाची, आणि आमचं कोरडं स्टोअर इंजिन केसिंगला, म्हणजे इंजिनरूमच्या वरच्या तापलेल्या भिंतीला, लागून, कायम गरम आणि दमट. अशा जागी डाळ म्हातारी होते: आतलं फायटेट, म्हणजे दाण्यातला फॉस्फरसचा साठा, मोडतं, त्यात बांधलेलं कॅल्शियम सुटतं आणि तेही पेक्टिनला जाऊन चिकटतं. जुनी लहान भांड्याला पुरेल एवढी उरली नव्हती, म्हणून त्याला नवीन पाकीट गेलं. पाकिटावर भरल्याची तारीख असते, पीक कधीचं ते कुठेच नसतं. माणशी रोजचा खर्च ऑफिसात बसून ठरवणाऱ्यांना या फरकाशी देणंघेणं नाही.

१८व्या शतकात ब्रिटिश आरमारात माणशी आठवड्याला २ पौंड खारवलेलं डुकराचं मांस आणि २ पाइंट वाटाणे मिळत. महिनोन्‌महिने पिंपात पडलेलं पाणी, गोदामातले वाटाणे. तिथला कुक काय करत असेल, असं त्या रात्री बंकवर पडल्या पडल्या मनात आलं. २००६च्या सागरी कामगार करारात, जो २०१३ पासून लागू आहे, जहाजाचा कुक प्रशिक्षित असावा असं लिहिलं आहे. मी प्रशिक्षित आहे. मिठाचं मला तिथेच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी चार लहान भांडी मांडली. नवी डाळ, इव्हॅपोरेटरचं पाणी: पन्नास मिनिटांत मेण. जुनी डाळ, तेच पाणी: एक तास वीस मिनिटं. नवी डाळ, बंदराचं पाणी: दीड तास, थोडे दाणे अडून बसलेले. जुनी डाळ, बंदराचं पाणी: दोन तास झाले तरी कणी. मेसमनला बोलावून चारही चाखायला दिली. त्याने शेवटच्या भांड्यातला दाणा दातांत धरून बघितला आणि विचारलं, “मग मीठ?”

“मिठाचं काही नाही,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो. त्याने मान हलवली आणि चारही भांडी धुवायला घेऊन गेला.

पण हिशोब अजून जुळत नाही. मोठ्या भांड्यात निखळ बंदराचं पाणी नव्हतंच. त्याचा आटवलेला रस्सा होता आणि वर सकाळचं मऊ पाणी. सेकंड साब म्हणतो, उकळल्यावर कडकपणाचा एक भाग पांढरा थर होऊन भांड्याला बसतो, म्हणजे रस्सा थोडा मऊच झाला असणार. दुसरा भाग बसत नाही, तो आटवल्याने वाढतो. आमच्या पाण्यात कुठला किती होता, ते त्याच्या पेटीतून कळत नाही. रस्सा असता तर त्यातच जुनी आणि नवी डाळ शिजवून बघता आली असती, आणि थर बसला होता का ते भांड्यावर दिसलं असतं. रस्सा सगळा सुपात गेला होता. रश्शाचं भांडं मेसमनने त्या सकाळी आठच्या आत घासून, पुसून हुकाला लावलं होतं, कारण घाणेरडं भांडं ओट्यावर दिसता कामा नये असं मीच त्याला पहिल्या दिवशी बजावलं होतं.