सुईचा हात

मेलबर्नच्या पश्चिम भागात, फूट्सक्रेजवळच्या एका डायलिसिस युनिटमध्ये मी नर्स आहे. शिक्षण मिरजेत झालं, २०११ साली इथे आले. माझी पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारची. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून तीनदा येतो, पाच तास बसतो आणि वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसतो. त्यामुळे शेजारच्या खुर्चीतला माणूस हळूहळू घरच्यासारखा होतो. आमच्या पाच, सहा आणि सात नंबरच्या खुर्च्यांचं तसंच झालं होतं, आणि त्या तिघांना धरून ठेवणारी गोष्ट होती वेस्टर्न बुलडॉग्स, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला पूर्वीचा फूट्सक्रे क्लब.

सहा नंबरवरचे आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. मला 'लव्ह' म्हणायचे. इथल्या म्हाताऱ्यांची ती आपल्या 'बाळा'सारखी हाक. बारा वर्षांचे असताना, १९५४ साली, वडिलांच्या खांद्याला धरून ते एमसीजीवर उभे होते. फूट्सक्रेने मेलबर्नला ५१ गुणांनी हरवलं, जॅक कॉलिन्सने सात गोल मारले. वडील किनिअर्सच्या दोरखंडाच्या कारखान्यात कामाला. "घरी येताना माझा बाप गाडीत गात होता. त्याआधी आणि त्यानंतर मी त्याला गाताना कधी ऐकलं नाही," असं त्यांनी मला निदान वीसदा सांगितलं असेल. फूट्सक्रेचं ते पहिलं विजेतेपद. दुसरं अजून यायचं होतं.

पाच नंबरवरच्या बाई साठीच्या पुढच्या. १९८९ साली क्लब कर्जात बुडाला आणि त्याचं फिट्झरॉय क्लबमध्ये विलीनीकरण करायचं वरच्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा बार्कली स्ट्रीटवर डबा खुळखुळवत पैसे गोळा करणाऱ्यांत या होत्या. आयरीन चॅटफिल्ड नावाची एक साधी समर्थक कोर्टात गेली, विलीनीकरणाला स्थगिती मिळाली, आणि पीटर गॉर्डन या वकिलाच्या पुढाकाराने लोकांनी थोड्या आठवड्यांत क्लब वाचवण्याइतका पैसा उभा केला. नाणी, पेन्शनच्या नोटा, कामगारांचे पगार. बाई सांगायच्या, "एका म्हातारीने तिची बसच्या भाड्याची नाणी डब्यात टाकली आणि चालत घरी गेली." सांगताना त्यांचा आवाज दर वेळी तिथेच अडखळायचा.

सात नंबरवरचे काका व्हिएतनामहून होडीतून आलेले, टॅक्सी चालवायचे. मुलगा शाळेत बुलडॉग्सचा झाला म्हणून तेही झाले.

हा खेळ आपल्याकडे फारसा माहीत नाही. क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर खेळतात, दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, एक गुण. हा एक गुण किती जीवघेणा असतो ते मला आजोबांनी शिकवलं. १९९७ साली अंतिम सामन्याच्या अलीकडच्या फेरीत बुलडॉग्स शेवटच्या क्वार्टरला २२ गुणांनी पुढे होते. टोनी लिबरेटोरेने मारलेला चेंडू गोलमधूनच गेला असं समजून तो नाचू लागला, पंचाने बिहाइंड दिला. शेवटी अॅडलेडकडून हार दोन गुणांनी. त्या फेरीत १९८५ पासून २०१० पर्यंत क्लब सात वेळा पोहोचला आणि सातही वेळा हरला. दुधाने तोंड पोळलेली माणसं होती ही. ताक फुंकून पिणं सोडाच, ताकाचं भांडं दिसलं तरी मागे सरायची.

२०१४च्या ऑक्टोबरमध्ये तर या तीन खुर्च्यांत सुतक होतं. संघ चौदावा आला. कर्णधार क्लब सोडून सिडनीतल्या नव्या संघाकडे गेला, प्रशिक्षक गेला. बदल्यात टॉम बॉइड नावाचा एकोणीस वर्षांचा उंचापुरा पोरगा घेतला, तोही सात वर्षांच्या महागड्या करारावर. बाई म्हणाल्या, "डब्यातल्या नाण्यांचं हे झालं?" आजोबा दोन आठवडे फुटबॉलवर एक शब्द बोलले नाहीत. नुसते छताकडे बघत बसायचे.

मग ल्यूक बेवरिज प्रशिक्षक म्हणून आले आणि बोलणं बदलू लागलं. मी ते दर पाळीला ऐकत होते, म्हणून सांगू शकते. आधी तक्रारी कमी झाल्या. मग पोरांची नावं येऊ लागली: बॉन्टेम्पेली, मॅक्रे, जोहानिसन. "हे पोरगं बघ, चेंडू हातात आला की घाबरत नाही." २०१५ मध्ये संघ सहावा आला. पण आशा कोणी उघड बोलायचं नाही. काकांनी एकदा "पुढच्या वर्षी कप" असं म्हटलं, तर आजोबांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. नजर लागू नये म्हणून आपल्याकडे पोराच्या गालावर तीट लावतात ना, तसंच काहीसं.

२०१६च्या एप्रिलमध्ये, तिसऱ्याच फेरीत, कर्णधार बॉब मर्फीचा गुडघा गेला. २००० सालापासून याच क्लबसाठी खेळलेला, लोकांचा अतिशय लाडका माणूस. सामना रविवारी झाला; मंगळवारी सुया घालताना तिघांपैकी कोणी "अगं आई" सुद्धा म्हटलं नाही.

संघ कसाबसा सातवा राहून बाद फेरीत शिरला. सातव्या क्रमांकावरून कोणी कधी विजेता झालेलं नव्हतं. पहिला सामना ८ सप्टेंबरला पर्थमध्ये, वेस्ट कोस्टच्या घरात. ४७ गुणांनी जिंकले. मग सलग तीन वेळचे विजेते हॉथॉर्न, त्यांनाही हरवलं. मग अंतिम सामन्याच्या अलीकडची तीच फेरी. तो सामना २४ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी सुरू झाला. आजोबांच्या सुया काढून झाल्या तरी ते वेटिंग रूममधल्या टीव्हीसमोरून उठेनात, आणि त्यांना न्यायला आलेला गाडीवाला टोपी काढून शेजारी बसला. सहा गुणांनी जिंकले, एका गोलने.

म्हणजे १ ऑक्टोबरला ग्रँड फायनल. शनिवार. सिडनी स्वान्सविरुद्ध.

आमच्या इनचार्जनी दुपारच्या पेशंटना विचारलं, पहाटेच्या पाळीत घेऊ का? काहीजण आनंदाने गेले. आमच्या तिघांनी नकार दिला. आजोबा म्हणाले, "पर्थपासून मी हाच मफलर घालतोय आणि हीच खुर्ची आहे. आता बदलायचं?" मफलर काढायलाही तयार नव्हते. वजनकाट्यावर तेवढ्यानेही फरक पडतो, आणि शरीरातून किती पाणी काढायचं ते आम्ही वजनावरून ठरवतो. म्हणून मी मफलर आधी औषधांच्या छोट्या काट्यावर ठेवला: १८० ग्रॅम. तेवढे वजा करून चार्टवर लिहिलं.

एक वाजता सुया घातल्या. त्यांचा फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून सुयांसाठी केलेली जागा, डाव्या हाताला, कोपराच्या खाली. बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. आम्ही 'थ्रिल' म्हणतो. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जोरात लागली असं मला वाटलं. दोन सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत, मिनिटाला तीनशे मिली. तो हात पाच तास हलवायचा नाही. मी बजावून सांगितलं, "आजोबा, गोल होवो न होवो, कोपर वाकलं नाही पाहिजे." त्यांनी मान हलवली आणि डावा हात उशीवर असा ठेवला, जणू तो त्यांचा नव्हेच.

अडीचला चेंडू पडला. टीव्ही प्रत्येक खुर्चीला छोटा असतो, पण सगळे एकमेकांचे चेहरे बघत होते. चार नंबरवरचा, कॉलिंगवुड क्लबचा कट्टर माणूससुद्धा त्या दिवशी म्हणाला, "आज मी पश्चिमेचा." टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून तिघेही मोकळ्या हाताने मांडीवर थापटत होते. तो आवाज मला अजून येतो: एका हाताच्या टाळ्या, मऊ, तीन खुर्च्यांमधून. अर्ध्या-अर्ध्या तासाने मोकळ्या हातावरचा बीपीचा पट्टा फुगायचा तेव्हा थापटणं थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. आजोबांचं वरचं बीपी १७८ झालं. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लक्ष ठेव, मध्यंतरात पुन्हा बघ. मध्यंतरात १५६. सिडनी निसटती पुढे होती.

तिसऱ्या क्वार्टरअखेर बुलडॉग्स आठ गुणांनी पुढे. कोणी काही बोलेना. २२ गुणांची आघाडी गेलेली पाहिलेल्या माणसांना आठ गुण म्हणजे काय! चौथ्या क्वार्टरमध्ये फरक एका गुणावर आला. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि काकांना म्हणाल्या, "तुम्ही बघा आणि मला सांगा." लियम पिकनने गोल केला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मग तो क्षण. डेल मॉरिसने सिडनीच्या फ्रँकलिनला मागून पकडून पाडलं, चेंडू निसटला आणि टॉम बॉइडच्या हातात आला. तोच महागडा पोरगा. त्याने साठेक मीटरवरून लाथ मारली. आजोबा पुढे झेपावले आणि त्यांचं कोपर वाकलं.

अलार्म. पंप थांबला. मी दोन पावलांत पोचले, तळहाताने कोपर उशीवर सपाट दाबलं, दुसऱ्या हाताने सुईवरची पट्टी तपासली. सुई जागेवर होती, रक्त बाहेर आलं नव्हतं. मशीनचं बटण दाबलं, पंप फिरू लागला, दाबाचा आकडा उतरू लागला. चेंडू गोलसमोर टप्पे घेत घरंगळत आत गेला म्हणतात. मी तो पाहिला नाही. मी सुईकडे बघत होते. पण माझ्या तळहाताखाली तो हात इतका थरथरला की थ्रिल कुठलं आणि थरथर कुठली ते कळेना. वर पाहिलं तर आजोबांचं तोंड उघडं होतं, आवाज फुटत नव्हता, आणि गालांवरून पाणी मफलरात जात होतं.

८९ विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी. भोंगा वाजला तेव्हा बाईंनी डोळे उघडले. काका व्हिएतनामीत मुलाशी फोनवर ओरडत होते. तो एमसीजीवरच होता, जवळपास लाखभर माणसांत. जिंकलेल्या संघात टॉम लिबरेटोरे होता, ज्याच्या बापाचा तो गोल नाकारला होता त्याचा मुलगा. मग बक्षीस समारंभात बेवरिजनी स्वतःच्या गळ्यातलं पदक काढलं, जखमी बॉब मर्फीला मंचावर बोलावलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. तेव्हा मात्र मलाही पडदा ओढून मिनिटभर आत उभं राहावं लागलं. त्या माणसाने सतरा वर्षं या दिवसाची वाट पाहिली होती आणि दिवस आला तेव्हा तो खेळत नव्हता.

सहा वाजता सुया काढल्या. काढल्यावर त्या जागेवर दहा मिनिटं बोटाने दाबून धरावं लागतं. आजोबा नेहमी स्वतः धरतात. त्या दिवशी त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून मी धरलं. दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग अगदी हळू, घशातल्या घशात गायला लागले. क्लबचंच गाणं होतं ते. बाईंनी शेजारून सूर धरला. बाहेर गाड्यांचे हॉर्न चालू होते, आणि गाडीवाला दारात उभा राहून घड्याळाकडे न बघता ऐकत होता.

रविवारी व्हिटन ओव्हलवर खेळाडू कप घेऊन आले. हजारो माणसं होती. मीही गेले. येताना बार्कली स्ट्रीटवरून चालले. आपल्या लोकांच्या हॉटेलांच्या काचांवरही लाल-पांढरे-निळे फुगे होते.

मंगळवारी आजोबा आले. वजनकाट्यावर उभे राहिले, मफलरासकट. शनिवार ते मंगळवार मोठा खंड असतो, त्यामुळे दोन-अडीच किलो वाढणारच. आकडा साडेचार किलोचा होता. चहा, बिअर, शेजारपाजाऱ्यांनी आणलेलं काय काय. एरवी मी चांगलंच बोलले असते, पाय सुजतात, छातीत पाणी भरतं, ते सगळं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी १८० ग्रॅम वजा केले आणि चार्टवर आकडा लिहिला. "आज तीन लिटरच काढते," म्हटलं, "उरलेलं गुरुवारी."

"गुरुवारी, लव्ह," ते म्हणाले आणि डावा हात उशीवर ठेवला.