हात कोणाचा?

चित्रपट रसास्वादाचा वर्ग संपल्यावर एका दुपारी वही चाळताना मीच लाल शाईने अधोरेखित केलेले वाक्य दिसले : ‘दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा लेखक.’ वर्गात ते इतक्या ठामपणे सांगितले गेले होते की दिग्दर्शक दोन असले तर काय, हे विचारायचे राहूनच गेले. माझ्या मनात अर्थात जोडीने चित्रपट दिग्दर्शित करणारे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर होते.

मग मी त्यांचे चित्रपट पुन्हा पाहायला घेतले, आणि तेही सरळपणे नव्हे. वहीत ‘भा’ आणि ‘सु’ असे दोन रकाने आखले आणि प्रत्येक प्रसंग कोणाच्या हातचा असेल, याचा अंदाज नोंदवू लागले. भावे मूळच्या समाजकार्य शिकवणाऱ्या, वस्तीतल्या बायकांचा अभ्यास करता करता १९८५ साली ‘बाई’ या लघुपटाकडे वळलेल्या; सुकथनकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. तेव्हा माणसे दिसली की ‘भा’ आणि कॅमेरा जाणवला की ‘सु’, इतके माझे शास्त्र सोपे होते. ‘दोघी’पर्यंत ते कसेबसे टिकले. ‘अस्तु’मध्ये स्मृती हरवत चाललेले शास्त्रीबुवा रस्त्यावरच्या हत्तीमागून चालू लागतात, तिथे मात्र पेन अडले. मोहन आगाशांच्या चेहऱ्यावरचे ते लहान मुलाचे कुतूहल कोणत्या रकान्यात घालायचे? ‘एक कप च्या’मधल्या कंडक्टरच्या घरी हजारोंचे वीजबिल येते, तेव्हा हसू आणि धास्ती एकदमच येतात, त्यांची वाटणी कशी करायची?

ही खोड मला वडिलांकडून आली असावी. आमच्या घरी आमटीला फोडणी आजी द्यायची, चिंच-गूळ आई घालायची आणि मीठ बहुधा दोघीही घालायच्या. वडील पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि ‘आज हात आईचा’ किंवा ‘आज हात हिचा’ असा निकाल देत. तो बहुतेकदा चुकायचा. दोघी एकमेकींकडे पाहायच्या, पण खरे काय ते कधीच सांगायच्या नाहीत. एकदा मी ओट्यापाशी उभी राहून पाळत ठेवली, तर आजीने माझ्या हातात कोथिंबीर निवडायला दिली आणि तेवढ्यात आमटी होऊन गेली.

‘कासव’ला सुवर्णकमळ मिळाले, तेही दोघांना मिळूनच. त्यातला तो उदास मुलगा आणि कोकणातला समुद्र पाहताना मी वहीत काहीच लिहिले नाही, हे चित्रपट संपल्यावर लक्षात आले.

‘दिठी’ मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. दि. बा. मोकाशींच्या कथेवरच्या या चित्रपटाला दिग्दर्शक म्हणून एकट्या सुमित्रा भाव्यांचे नाव आहे, आणि तो घरोघरी पोहोचला २१ मे २०२१ रोजी, त्या गेल्यानंतर महिनाभराने. इथे अंदाजाचा प्रश्नच नव्हता, तरी सवयीने मी दोन्ही रकाने आखून बसले. बाहेर पाऊस कोसळतो आहे, गाय अडली आहे आणि पुरात मुलगा गमावलेला रामजी लोहार तिला सोडवायला गेला आहे. त्याचे हात दिसू लागले तेव्हा मी वही बाजूला ठेवली.