आमची वाटचाल : दोन बॅटऱ्या, एक चार्जर

अमेरिकन मेडिकल बिलिंग, म्हणजे तिथल्या डॉक्टरांची बिलं विम्याकडून वसूल करणाऱ्या फर्म पुण्यात पुष्कळ आहेत. बहुतेकांची गाडी डॉक्टरांच्या व्हिजिट आणि सर्जरीवर चालते. आम्ही पहिल्यापासून एल-कोड (बिलात कृत्रिम अवयव आणि त्यांच्या भागांसाठी लावायचे कोड) धरले, त्यातही कृत्रिम हाताचे. पायाच्या क्लेमला (विम्याकडच्या मागणीला) के-लेव्हल, म्हणजे पेशंट किती चालू-फिरू शकतो याची श्रेणी, लागते, हाताला लागत नाही. म्हणून नवखे याला सोपं समजतात.

सुरुवातीची वर्षं सुरळीत गेली, त्यांचं काय सांगायचं! सांगायचं आहे ते एका प्रतिस्पर्धी फर्मबद्दल. वसुलीवर आम्ही घेतो त्याच्या निम्मे टक्के घेण्याची, शिवाय प्रत्येक हातामागे दोन-तीन लाइन (क्लेममधल्या वेगळ्या कोडच्या नोंदी) जास्त काढून देण्याची हमी देत ते आमच्या क्लायंटकडे गेले. मोठे क्लायंट एकामागोमाग एक सुटले. नाइट शिफ्टची अर्धी टेबलं रिकामी झाली आणि पगारासाठी ओव्हरड्राफ्टला हात लावावा लागला.

त्या जास्तीच्या लाइन कुठून येत होत्या, ते या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. एल ६९३५ हा कोपराखालच्या मायोइलेक्ट्रिक (स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणाऱ्या) हाताचा बेस, म्हणजे मूळ कोड. त्याच्या वर्णनातच इलेक्ट्रोड, केबल, दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर आहेत. तरी ही मंडळी नव्या हातासोबत एल ७३६७ची लिथियम बॅटरी आणि एल ७३६८चा चार्जर वेगळा लावत. दोन्हींच्या वर्णनात ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द स्पष्ट आहे, पण वर्णन शेवटपर्यंत वाचतो कोण? केबलवर चालणाऱ्या हाताचंही तेच. बेस कोडमध्ये साधं फ्रिक्शन मनगट आणि कंट्रोल केबल धरलेली असते. एल ६६५५ लावायचा तो जादा केबलसाठी. आठच्या आकड्याचा हार्नेस (एल ६६७५) आणि हुक (एल ६७०६) मात्र वेगळे लागतात, ते सोडले तर क्लायंटचंच नुकसान.

त्या लाइनपैकी काही सीओ-९७ने (‘याचे पैसे दुसऱ्या कोडमध्येच धरले आहेत’ या नकाराच्या कोडने) परत आल्या, काहींचे पैसे मिळाले. खरं दुखणं मिळालेल्या पैशांचं होतं. पुढे रेकॉर्ड मागवले गेले, ओव्हरपेमेंट निघालं आणि ते चालू क्लेमच्या पेमेंटमधून कापून घेतलं गेलं. आम्ही सोडून गेलेल्या क्लायंटना हे आधीच लेखी कळवलं होतं. त्या मेलला एकाचंही उत्तर आलं नाही, आजतागायत नाही.

या काळात टिकून राहिला तो ओहायोतला एक प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बसवणारा). डिलिव्हरीआधी हाताचे सुटे भाग टेबलावर मांडून तो फोटो पाठवतो. लॉकिंग डिस्कनेक्ट मनगट (एल ६६१५) आहे की साधं फ्रिक्शन, ते फोटोत दिसतं, विचारावं लागत नाही. कृत्रिम हातावरचा ग्लोव्ह तयार असेल तर एल ६८९०, पेशंटसाठी खास बनवला असेल तर एल ६८९५. पहिल्यात फिटिंग आणि ॲडजस्टमेंट आलेच, त्यावर एल ७५२०चे (दुरुस्तीच्या मजुरीचे) पंधरा-पंधरा मिनिटांचे युनिट चढवायचे नसतात.

आता नव्यांसाठी चार शब्द, कोणी विचारलं नसलं तरी. दोन्ही हातांचा क्लेम असेल तर आरटी (उजवा) आणि एलटी (डावा) या खुणा वेगवेगळ्या लाइनवर घाला. १ मार्च २०१९पासून मेडिकेअरला (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याला) एकाच लाइनवर आरटीएलटी चालत नाही. अख्खा हात बदलला तर आरए ही खूण, दुरुस्तीत एखादा भाग बदलला तर आरबी. एल ७४९९, म्हणजे दुसरा कोड नसलेल्या भागाचा कोड, हा शेवटचा उपाय. तो लावलाच तर उत्पादक, मॉडेल नंबर आणि किंमत नोटमध्ये द्या. जागा ८० अक्षरांची, म्हणून आधी कागदावर लिहून मोजा. कोडच्या वर्णनात ‘ऑटो बॉक ऑर इक्वल’ (ऑटो बॉक कंपनीचा किंवा तत्सम) वाचून फक्त त्याच कंपनीचा माल चालतो असं समजू नका.

गेलेल्यांपैकी काही क्लायंट परत आले. जुने टक्के मान्य करूनच आले. त्यांच्या उरलेल्या डिनायलची (नाकारलेल्या क्लेमची) छाननी पहिल्या आठवड्यात केली, कारण मेडिकेअरच्या रीडिटर्मिनेशनला (पहिल्या अपिलाला) १२० दिवस असतात आणि त्यातले बरेचसे आधीच्या फर्मकडे वाया गेले होते. बॅटरीच्या लाइनवर आम्ही अपील केलं नाही. त्या सोडून द्यायच्याच होत्या.